जीवखड्याचं वय

अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, वय किती, यावरून आम्हा दोघा भावांचं स्मशानातल्या खिडकीशीच वाजलं. आतला कारकून फॉर्म भरत होता. अण्णा म्हणाला, एकोणऐंशी. मी म्हणालो, त्र्याऐंशी तरी असतील. शाळेच्या दाखल्यावर एक जून होतं, पण ती तारीख मास्तरांनी आपल्या सोयीने घातलेली. अप्पांच्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनलाच जन्मली होती. खुद्द अप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, "माप घेतल्याशिवाय कसं सांगू?" कारकुनाने पेन वर धरून आमच्याकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "कुठलंतरी एक सांगा, मागे रांग आहे." अण्णा थोरला, म्हणून एकोणऐंशी लागलं.

हे आधी सांगतो, कारण पुढे एक बाई माझ्या यार्डात उभ्या राहून एका दगडाचं वय तीनशे कोटी वर्षं म्हणाल्या, तेव्हा माझं डोकं का फिरलं ते कळायला हवं.

कन्नड मुलखातल्या या शहरात, बनशंकरीच्या पुढे, कनकपुरा रस्त्याला माझं ग्रॅनाइटचं यार्ड आहे. कुणाच्याही मदतीशिवाय उभं केलेलं. हे मी येईल त्याला सांगतो, आणि लोक चहा संपेपर्यंत ऐकून घेतात. आमचं घराणं शिंप्यांचं. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते कुणालाच नीट माहीत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. इथल्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत खाली दुकान, वर बिऱ्हाड. अप्पा कापडाला कात्री लावण्याआधी घशातून एक छोटासा 'हं' काढायचे. तो ऐकला की आम्ही मुलं बोलायचे थांबायचो, कारण त्यानंतर कापड परत जुळत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी शिलाई मशीन सोडलं आणि सायकलला पिशवी लावून दगडाचे नमुने फिरवू लागलो. मग एका टेकडीच्या खाणीत भागीदारी मिळाली. ती टेकडी आता नाही. तिच्या जागी पाणी भरलेला खड्डा आहे, आणि तिचे तुकडे या शहरातल्या शेकडो स्वयंपाकघरांत ओटे होऊन बसलेत. अप्पांना ते कधी पटलं नाही. म्हणाले, "कापड चुकलं तर जोड देता येतो. डोंगर चुकला तर काय देशील?" ते माझ्या यार्डात कधी आले नाहीत. पूजेला बोलावलं, नवी क्रेन आली तेव्हा बोलावलं, गाडी पाठवली. प्रत्येक वेळी अण्णाच्या हातून नारळ यायचा. माझे शर्ट मात्र शेवटपर्यंत तेच शिवायचे. मापाला दुकानात मीच जायचं. खांद्यावर टेप टाकून ते माझ्याभोवती फिरायचे आणि दगडाचं नावही काढायचे नाहीत.

आता त्या जीवखड्याबद्दल. आमच्यात थोरला मुलगा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतो, आणि मागून कुणीतरी प्रत्येक फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडतो. दगड तिथलाच, स्मशानातून उचललेला. तोच जीवखडा. पुढचे दहा दिवस गेलेला माणूस त्यात आहे असं धरून त्यावर रोज तीळपाणी घालायचं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की दगड पाण्यात सोडायचा आणि माणूस मोकळा.

भटजींनी पायाशी पडलेला दगड उचलून माझ्या हातात दिला. लिंबाएवढा, एका अंगाला अंगठा बसेल इतका खोलगट. तीन फेऱ्या, तीन ठोके. तिसऱ्याला पाण्याची धार माझ्या मनगटावरून आत बाहीत गेली. ती बाही अप्पांनीच शिवलेली होती.

सातव्या दिवशी मी यार्डातून थेट दुकानात गेलो. अण्णा कापड बेतायच्या टेबलावर ताम्हन ठेवून जीवखड्यावर पाणी घालत होता. वर न बघता म्हणाला, "आज उशीर? कुठली टेकडी पाडत होतास?"

माझा संताप आधी हाताला पोचतो, मग तोंडाला. खिशात गिऱ्हाइकांना दाखवायचे तुकडे होते, एका बाजूने पॉलिश केलेले. मी ते मूठभरून टेबलावर आपटले. "हे बघ! याला पाडणं म्हणतोस? चाळीस माणसांच्या चुली पेटतात यावर!" ताम्हन उलटलं. पाणी एका बेतलेल्या कोटावर गेलं, दगड जमिनीवर घरंगळले. तेवढ्यात जिन्यात भटजींच्या चपला वाजल्या. पन्नाशी ओलांडलेले आम्ही दोघं टेबलाखाली रांगून दगड गोळा करत होतो, कापडाच्या चिंध्यांत, मशीनच्या पायपट्टीखाली. एक तिळांनी माखलेला ताम्हनात गेला, बाकीचे माझ्या खिशात. ताम्हनात कुणी ठेवला? अण्णा म्हणतो मी. मी म्हणतो अण्णाने.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीवर गेलो. पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही उतरेना. तासभर गेला. अण्णा हळूच म्हणाला, "तू काहीतरी बोल. तुझ्याबद्दलच काही राहिलं असेल त्यांचं."

"मी काय बोलू? बोलायचं होतं ते त्यांनी," मी म्हणालो, आणि तोंड फिरवून उभा राहिलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. अण्णाने पाण्यात उतरून दगड सोडला. सोडल्यावर तो आपल्या तळहाताकडे बघत उभा राहिला.

परत येताना, रामनगरचे खडक दिसू लागले तेव्हा तो म्हणाला, "दगड एका बाजूने गुळगुळीत होता."

"मग?"

"स्मशानातल्या दगडाला पॉलिश कुणी केलं?"

मी गाडी कडेला घेतली. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "मुद्दाम केलंस तू. त्यांनी तुझ्या दारात पाय ठेवला नाही, म्हणून त्यांना वाटेतच अडकवलंस." मग उतरला आणि मागून आलेल्या बसला हात केला. त्याला आठ वर्षं झाली. चूक दोघांची असेल, एकट्या त्याची असेल. पण 'मुद्दाम' हा शब्द मी कसा गिळायचा? लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचो.

त्या दिवशी यार्डात येऊन मी तिथे टांगलेल्या, सातव्या दिवशीच्या पँटच्या खिशातले दगड टेबलावर ओतले. सगळे पॉलिशचे, एक सोडून. तो लिंबाएवढा, मळकट तपकिरी. मी तो दोन बोटांनी उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. खाणीतला कच्चा तुकडा खिशात असूच शकतो, मी स्वतःला सांगितलं. अण्णाचं म्हणणंही खोडून काढलं: स्मशानात समाध्यांच्या फुटक्या फरशा काय कमी पडलेल्या असतात? त्यातलाच गुळगुळीत तुकडा भटजींनी दिला असेल. आठ वर्षं मी हे दोन मुद्दे परजून ठेवले. ऐकायला समोर कुणी नव्हतं.

ऐकणारा नव्हता, ऐकू मात्र यायला लागलं. दुपारी वीज जाते तेव्हा कटर थांबतो. दिवसभर त्या आवाजात राहणाऱ्याला ती शांतता अंगावर येते. अशाच एका दुपारी मी फोनवर भाव ओढत होतो, आणि ड्रॉवरच्या बाजूने 'हं' ऐकू आला. छोटासा, घशातला. मी बोलायचा थांबलो. पलीकडचा म्हणाला, "हॅलो? पटला का भाव?" मी हो म्हणून टाकलं. चाळीस वर्षांत पहिल्या बोलीला मी हो म्हणालो नव्हतो. नंतर कधी महिन्यातून एकदा, कधी आठवड्यातून दोनदा. टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं, तर आवाज त्या भिंतीकडून. दगड गोणपाटात बांधून मागच्या शेडमध्ये ठेवला आणि चौथ्या दिवशी स्वतःच परत आणला. तिथे पाऊस गळतो. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "एकदा नीट निरखून तरी बघा."

"बघायचंय काय त्यात? दगड आहे."

"मग टाकून द्या."

ते मला जमलं नाही.

यंदा उन्हाळ्यात त्या बाई आल्या. बेळ्ळंदूरला उंच इमारतीत नवा फ्लॅट, ओट्याला दगड हवा होता. साठी उलटलेल्या, पांढरे आखूड केस, पायात बूट. इंग्रजीत भाव झाला, हिंदीत झाला, कन्नडमध्ये झाला. मी हलेना. तेव्हा त्या स्लॅबकडे तोंड करून पुटपुटल्या, "लुटायलाच बसलाय मेला."

मी मराठीत म्हणालो, "मेला जिवंत आहे अजून, मॅडम. आणि भाव तोच आहे."

त्या इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. "अय्यो! मराठी काय ओ तुम्ही? आधी नाही का सांगायचं!" त्या बेळगावकडच्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मग स्लॅबवर हात फिरवत म्हणाल्या, "एवढ्या म्हाताऱ्याला विकताय मालक, स्वल्प मान ठेवा. हिमालय याच्यापुढं काल जन्मलेलं पोर. हा तीनशे कोटी वर्षांचा. थोडं इकडंतिकडं."

"थोडं म्हणजे किती?"

"एखाद-दोन कोटी."

तिथे माझं डोकं फिरलं. चार वर्षांच्या इकडेतिकडेवरून आम्ही भाऊ स्मशानात भांडलो होतो. "तुम्ही होतात का बघायला?" मी म्हणालो. "लालबागेच्या खडकावरही पाटी लावलीय तीनशे कोटींची. कुणी विचारत नाही म्हणून काहीही आकडा लावायचा? मी इंचाला जाब देतो गिऱ्हाइकाला. तुम्ही द्या वर्षाला."

बाईंना राग आला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि चहा मागितला. म्हणाल्या, या दगडात मिठाच्या कणाहून बारीक असे कण असतात. वितळलेला दगड थिजताना ते तयार होतात. होताना युरेनियम आत घेतात, शिशाला मात्र दारातच अडवतात. मग दार बंद. आत युरेनियमचं हळूहळू शिसं होत राहतं, ठरलेल्या गतीने. आज आत जेवढं शिसं, तेवढा काळ गेला.

"आधीपासूनच शिसं नव्हतं कशावरून?"

"त्या कणाच्या घडणीत ते मावतच नाही. बाराचा बोल्ट दहाच्या नटात घालून दाखवा."

"गती बदलली असेल."

"तापवून बघितलं, दाबून बघितलं. नाही बदलत."

"मधेच गळलं असेल. इतक्या वर्षांत काय गळत नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हा प्रश्न माझ्या पोरांनी विचारायला हवा होता. युरेनियम दोन जातींचं असतं, मालक. दोघांची गती निराळी. म्हणजे एका कणात दोन घड्याळं. गळलं तर दोन्ही वेगवेगळी वेळ सांगतात आणि लबाडी कळते. जुळली, तरच आम्ही मानतो."

 संगनमत करू न शकणारे दोन साक्षीदार. आमच्या टेबलाखाली असा एकही नव्हता.

"म्हणजे डोंगराचं वय तीनशे कोटी," मी मान्य केल्यासारखं म्हणालो.

"नाही ओ. हे दगडाचं. डोंगर म्हणून तो उभा कधी राहिला, वरचं सगळं झिजून उघड्यावर कधी आला, तो शोध वेगळा आणि अवघड. आणि संपला कधी, ते तुम्हाला ठाऊक."

सहज म्हणाल्या त्या. मला त्या खड्ड्यातलं हिरवं पाणी दिसलं.

समोरचा माणूस खरा की खोटा, हे मी तीन प्रश्नांत ओळखतो. बाई खऱ्या होत्या. म्हणूनच माझ्या डोक्यात तो सौदा आला. मी ड्रॉवर उघडला, दगड दोन बोटांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, "ओटा तुमच्या भावात देतो. बदल्यात एका कागदावर लिहून द्या, हा दगड खाणीतला आहे म्हणून. खाली तुमचं शिक्षण आणि सही." तो कागद मी अण्णाच्या टेबलावर कसा आपटणार, कोणत्या शब्दांत माफी मागायला लावणार, सगळं तयार होतं.

"लिहायचं तर तपासायला हवं," त्या म्हणाल्या. "वय काढायचं तर फोडून पीठ करावं लागेल याचं."

मी दगडावर झडप घातली. चहाचा कप सांडला.

बाईंनी माझ्या मुठीकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "कुणाचा जीवखडा आहे?"

मी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. आठ वर्षांत परक्याला पहिल्यांदाच. त्यांनी पर्समधून छोटं भिंग काढलं आणि तळहात पुढे केला. मला मूठ उघडायला वेळ लागला. त्यांनी दगड उन्हात धरून सगळ्या बाजूंनी फिरवला.

"फोडूनही उपयोग नव्हता. नदीत गेलेला तुकडा इथलाच असेल तर वय बहुतेक तेवढंच निघेल. पण हा खाणीतला नाही, मालक."

"खाणीच्या वरच्या थरातला असेल. वरचा दगड असाच मळका असतो."

"वरच्या थरातून फोडला असता तर एका अंगाला मळकी साल आणि बाकी अंगं ताजी, धारदार. याला चहूकडून साल आहे. हा सुटा होऊन उघड्यावर पडलेला, कितीतरी वर्षं ऊनपाऊस खाल्लेला." भिंग मिटत म्हणाल्या, "तुम्ही चाळीस वर्षं दगड विकता. हे मी सांगायचं तुम्हाला?"

मी ओरडलो. तुमची पुस्तकं तुमच्याजवळ ठेवा म्हणालो, बापाच्या दगडावर निकाल द्यायला तुम्हाला कुणी बोलावलं म्हणालो. बाहेर क्रेनवरचा माणूस वाकून बघायला लागला. बाईंनी दगड माझ्यापुढे ठेवला, हलका, आवाज न करता. "ओटा तुमच्याच भावात घेते," त्या उठत म्हणाल्या. "पण खोटं मी लिहून देणार नाही."

त्या गेल्या आणि थोड्याच वेळात वीज गेली. कटर थांबला. या वेळी मी ड्रॉवरकडे बघितलं नाही, दगड समोरच होता. 'हं' आलाच. मग मी जे आठ वर्षं टाळलं होतं ते केलं. दगड दोन बोटांनी नाही, मुठीत घेतला. अंगठा आपोआप त्या खोलगट जागी जाऊन बसला. मनगट ओलं झाल्यासारखं वाटलं. हाताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरला गेलो. अण्णा कापड बेतत होता. चष्मा जाड झालाय, पाठ अप्पांसारखी वाकलीय. मला बघून त्याने खडू खाली ठेवला, पण बस म्हणाला नाही. मी रुमाल सोडून दगड टेबलावर ठेवला. म्हणालो, "हा माझ्याकडे राहिला. मुद्दाम नाही."

त्याने तो हातात घेतला, चष्म्याजवळ नेला, फिरवला. मी त्याच्या टोमण्याची वाट बघत होतो. उत्तरं रस्त्यात जुळवून ठेवली होती, तिखट होती.

"कुठे होता?" त्याने विचारलं.

"टेबलाच्या ड्रॉवरमध्ये."

"यार्डातल्या?"

"हो."

"आठ वर्षं?"

"हो म्हणतोय ना!"

तो स्टुलावर बसला. दगडाकडे बघत म्हणाला, "म्हणजे आले शेवटी तुझ्या यार्डात." हसला की काय, कळलं नाही. "नारळ न्यायचो ना मी, दर वेळी त्यांना म्हणायचो, तुम्हीच द्या हातानं. म्हणायचे, पुढच्या वेळी."

हे मला माहीत नव्हतं. जुळवून आणलेलं एकही उत्तर त्याला लागू पडेना.

"रविवारी दुकान बंद असतं," अण्णा म्हणाला. "नदीवर जाऊ."

"अमावास्येला जाऊ."

"रविवारी काय वाईट आहे?"

"अमावास्या. अकराच दिवस राहिलेत."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हे जास्तीचे दिवस मी कशासाठी ओढून घेतोय, ते त्याला कळलं असावं. दुकानात वाढलेला माणूस आहे तो. "सरी," तो कन्नडमध्ये हो म्हणाला. "अमावास्या. पण रोज तीळपाणी घालायचं. विसरायचं नाही." दगड रुमालात बांधून त्याने परत माझ्या हातात दिला. मी वळलो तेव्हा मागून म्हणाला, "शर्ट खांद्यात उसवलाय तुझा. येताना घेऊन ये."

आज सहावा दिवस. दगड आता ड्रॉवरमध्ये नाही, टेबलावर ताम्हनात आहे, तोंड यार्डाकडे. तोंड कुठलं ते मी अंदाजाने ठरवलंय. सकाळी तीळपाणी घालतो. गिऱ्हाईक विचारतं, मी स्लॅब दाखवायला उठतो. दुपारी वीज गेली की फोन उलटा ठेवतो, माणसांना गप्प राहायला सांगतो आणि कान देऊन बसतो. सहा दिवसांत एकदाही आवाज आलेला नाही. अजून पाच दुपारी आहेत.